जगाची एक फौज, पण हुकूम कुणाचा?

प्रश्न असा आला आहे: "पहलगामनंतर जगभरातून निषेध झाला. मग निषेध करणाऱ्या देशांनी मिळून दहशतवादाविरुद्ध एकच आंतरराष्ट्रीय सैन्य का उभारू नये? भारताने त्यात पुढाकार घ्यावा का? तुम्ही काश्मीरमध्येही होता आणि युनोच्या शांतिसेनेतही, म्हणून तुम्हाला विचारतो." विचारणारा मुलगा कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली घेऊन लोकसेवा आयोगाची तयारी करतो. पहलगामच्या त्या आठवड्यात टेंबलाईच्या टेकडीपासून रंकाळ्यापर्यंत जो भेटेल तो हेच विचारत होता, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देतो.

आधी निकाल सांगतो. कायमस्वरूपी सामायिक फौज उभी राहणार नाही. उभी राहिलीच, तर तिच्यापासून सगळ्यात आधी डोकेदुखी आपल्यालाच होईल. मात्र माहिती, पैशाचा माग, पुरावे आणि आरोपी एकमेकांच्या ताब्यात देणं, या गोष्टी देशांनी वाटून घेतल्याच पाहिजेत. त्यात जग फार मागं आहे. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून त्याबद्दल बोललंही जात नाही.

फौजेची कल्पना तशी जुनीच. ऑक्टोबर १९३४ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांची भररस्त्यात हत्या झाली. त्या गोंधळात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्रीही गेले. कटाचे सूत्रधार इटलीत होते आणि इटलीने त्यांना सोपवायला नकार दिला. गाव बदला, साल बदला, आज वाचतो तीच बातमी आहे की नाही? त्यावर राष्ट्रसंघाने, म्हणजे युनोच्या आधीच्या जागतिक संघटनेने, १९३७ मध्ये जिनिव्हात दहशतवादविरोधी करार तयार केला, सोबत आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी दुसरा करारही केला. चोवीस देशांनी सह्या ठोकल्या. पण आपल्याकडं रीतसर मंजूर करून घेतला फक्त एकाने: १९४१ मध्ये, ब्रिटिशांच्या अमलाखालच्या हिंदुस्थानने. करार कधी अमलातच आला नाही.

१९४५ मध्ये युनोची सनद लिहिली तेव्हा कलम ४३ घातलं. प्रत्येक सदस्य देशाने सुरक्षा परिषदेशी करार करून आपल्या फौजेचा काही भाग तिच्या दिमतीला द्यायचा, असं ते कलम. कलम ४७ खाली पाच बड्या देशांच्या सेनाप्रमुखांची समितीही नेमली. १९४७ मध्ये या समितीने अहवाल दिला आणि कुणी किती विमानं द्यायची, तळ कुठे ठेवायचे, फौज परत कधी न्यायची, यावर अमेरिका आणि रशिया एकमेकांकडं पाठ करून बसले. कलम ४३ खाली आजपर्यंत एकही करार झालेला नाही. समिती मात्र अजून आहे, तिच्या बैठकाही होतात. सरकारी समित्यांना मरण नसतं, हे न्यूयॉर्कलाही लागू आहे.

म्हणजे तुम्ही मागताय त्या फौजेचा कायदा ऐंशी वर्षं तयार पडला आहे. फौज का नाही, ते बघू.

पहिली अडचण, कुणाविरुद्ध लढायचं? भारताने १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय दहशतवादावर सर्वंकष कराराचा मसुदा युनोपुढे ठेवला. तो अजून अडकलेला आहे. परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांना यातून वगळा, असा इस्लामी देशांच्या संघटनेचा आग्रह. सरकारी सैन्याने केलेल्या कृत्यांचं काय, हा दुसरा वाद. आपल्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर गेलं की धोका. शिरोळचा शेतकरी, महापालिका, जिल्हाधिकारी, पलीकडचे कर्नाटकवाले, सगळे त्याच पट्टीकडं बघतात. २०१९ च्या महापुरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गावरून दोन राज्यांत केवढी जुंपली, पण पट्टीवरचा आकडा कुणी नाकारला नाही. दहशतवादाला अशी पट्टीच कुणी रोवलेली नाही. एका देशाचा अतिरेकी दुसऱ्याच्या टीव्हीवर स्वातंत्र्यसैनिक म्हणून मुलाखत देतो.

दुसरी अडचण शीर्षकातच आहे. हुकूम कोण देणार? सुरक्षा परिषद देणार असेल, तर मसूद अझहरची फाइल आठवा. त्याची जैश-ए-मोहम्मद ही संघटना २००१ मध्येच युनोच्या यादीत गेली. पण संघटनेच्या म्होरक्याचं नाव घालायला २००९ पासून प्रयत्न झाले, पठाणकोटनंतर झाले, पुन्हा २०१७ मध्ये झाले, पुलवामानंतर झाले, आणि दरवेळी चीनने आडकाठी घातली. १ मे २०१९ ला नाव लागलं. हे फक्त नाव यादीत घालायचं काम होतं. त्याने होतं काय, तर बँक खाती गोठतात, प्रवासावर बंदी येते, शस्त्रं मिळत नाहीत. एवढ्याला दहा वर्षं लागत असतील, तर त्याच टेबलावरून पाकिस्तानातल्या बहावलपूरवर, म्हणजे जैशच्या तळावर, फौज पाठवायचा हुकूम किती वर्षांत निघेल, याचं गणित तुम्हीच मांडा.

पहलगामचंच घ्या. २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली गेली. तीन दिवसांनी सुरक्षा परिषदेने निषेधाचं निवेदन काढलं, त्यात हल्ल्याची जबाबदारी आधी घेतलेल्या 'द रेझिस्टन्स फ्रंट'चं नाव नव्हतं. ते आम्ही काढायला लावलं, असं पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्या संसदेत छाती पुढे काढून सांगितलं. कारण २०२५ आणि २०२६ या दोन वर्षांसाठी पाकिस्तान स्वतः परिषदेचा निवडून आलेला सदस्य आहे. एवढंच नाही, २०२५ मध्ये परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीचं उपाध्यक्षपदही त्याच्याकडं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये चीनमधल्या चिंगदावला शांघाय सहकार्य संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांची बैठक झाली. संयुक्त निवेदनात पहलगामचा उल्लेख नाही म्हटल्यावर राजनाथ सिंह यांनी सही करायला नकार दिला. बरोबरच केलं. या संघटनेचं ताश्कंदला दहशतवादविरोधी केंद्रही आहे बरं का.

आता तिसरी गोष्ट, जी आपल्या मंडळींना आवडत नाही. आंतरराष्ट्रीय फौज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ती पाकिस्तानात मुरीदके आणि बहावलपूरला उतरलेली दिसते. ती श्रीनगरला उतरली तर? १९४९ पासून युनोचे लष्करी निरीक्षक काश्मीरमध्ये आहेत. १९७२ च्या सिमला करारानंतर आपण म्हणतो की त्यांचं काम संपलं, हा दोन देशांचा मामला आहे, तिसऱ्याने मध्ये पडू नये. आपण त्यांना हाकललं नाही, पण तक्रारी घेऊन त्यांच्याकडं जाणंही बंद केलं. ज्या देशाला निःशस्त्र निरीक्षक नकोसे झाले, तो देश शस्त्रधारी जागतिक फौजेची मागणी कुठल्या तोंडाने करणार? एकदा तसा पायंडा पडला, की ती फौज कुठे जाणार हे ठराव ठरवील, आपण नव्हे. माझ्या मते या एका मुद्द्यावर चर्चा संपायला हरकत नाही. पण तुम्ही प्रत्यक्ष अनुभव विचारला आहे, तेव्हा पुढे जातो.

अनेक देशांच्या फौजा एकत्र काम कशा करतात ते सांगतो. मी ज्या मोहिमेत होतो तिथं ऑपरेशन रूमच्या भिंतीवर नकाशाशेजारी एक तक्ता लावलेला होता. उभ्या बाजूला देशोदेशींच्या तुकड्या, आडव्या बाजूला कामं: रात्रीची गस्त, हेलिकॉप्टरने उतरणं, आपल्या हद्दीबाहेर जाणं, घरझडती, माणूस ताब्यात घेणं. चौकटींत बरोबरच्या खुणा आणि फुल्या. फुल्याच जास्त. प्रत्येक देश फौज पाठवताना आपल्या अटी पाठवतो. त्यांना फौजी भाषेत 'कॅव्हियट' म्हणतात. नवीन आलेला स्टाफ ऑफिसर पहिल्या आठवड्यात नकाशा पाठ करतो आणि दुसऱ्या आठवड्यात तो तक्ता. पुढं कुठलंही ऑपरेशन आखताना शत्रू कुठे आहे याच्या आधी तक्ता बघायचा, ही सवयच लागते.

एका रात्री एका गावावर हल्ला झाल्याची खबर आली. सगळ्यात जवळच्या ठाण्याचा कमांडर रेडिओवर अगदी अदबीने म्हणाला, "सर, अंधारात ठाणं सोडायला मला माझ्या राजधानीची परवानगी लागते आणि तिथं आता पहाटेचे तीन वाजलेत." त्याची चूक नव्हती. त्याचं प्रमोशन, त्याच्या जवानांचे जीव आणि उद्या काही झालं तर चौकशी, सगळं त्या राजधानीच्या हातात. संयुक्त फौजेचा जनरल त्याला कामं सांगू शकतो, त्याचं कोर्ट मार्शल करू शकत नाही. शिस्तीचा अधिकार ज्याच्या त्याच्या देशाकडं राहतो. तशीच वेळ आली असती तर मीही दिल्लीला फोन लावला असता. गावाकडं शेवटी दुसऱ्या ठाण्यावरून गाड्या गेल्या, उजाडता उजाडता पोचल्या.

हे फक्त युनोच्या निळ्या टोपीवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. नाटोची शिस्त जगात नावाजलेली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी कलम ५ लागू केलं, म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर. पण अफगाणिस्तानात त्यांच्या झेंड्याखाली फौजा लढायला लागल्या तेव्हा काही देशांचे सैनिक नेमून दिलेल्या उत्तरेच्या पट्ट्याबाहेर यायला तयार नव्हते आणि दक्षिणेतल्या हेलमंद-कंदाहारची लढाई ठरावीक देशांच्याच अंगावर पडली. मित्रदेशांचं हे असं, तर भारत, चीन, पाकिस्तान, तुर्कस्तान आणि अमेरिका यांचा संयुक्त तक्ता कसा दिसेल? भिंत पुरायची नाही.

गोमाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गावात आहे. काँगोच्या पूर्व टोकाला, किवू सरोवराकाठी गोमा. डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी. २००२ चा लाव्हा गावातून वाहत गेला आणि लोकांनी त्याच काळ्या दगडावर पुन्हा घरं बांधली. रस्त्याने पोरं 'चुकुडू' ढकलत नेतात, म्हणजे अख्ख्या लाकडाची, हँडल असलेली गाडी. एकेका गाडीवर कोळशाची इतकी पोती, की मागं माणूस आहे हे दिसतच नाही. उत्तर किवूत भारताची ब्रिगेड वर्षानुवर्षं होती, आपल्या भागातली कितीतरी पोरं तिथं राहून आलीत.

नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-२३ नावाच्या बंडखोरांनी गोमा घेतलं. युनोची फौज शहरात असताना घेतलं. जगभर छी-थू झाली. मग मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २०९८ करून जे कधी केलं नव्हतं ते केलं: दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांची साधारण तीन हजारांची ब्रिगेड उभी केली आणि तिला बंडखोरांवर स्वतःहून चाल करून जायचा अधिकार दिला. म्हणजे तुम्ही म्हणताय ती फौज, लहान प्रमाणात. आणि ती जिंकली! काँगोच्या सैन्यासोबत लढून नोव्हेंबर २०१३ पर्यंत तिने एम-२३ मोडून काढली. उरलेसुरले युगांडात आणि रवांडात पळाले. आमच्या व्यवसायात त्या ब्रिगेडचं फार कौतुक झालं, आणि ते खोटं नव्हतं.

मग आठेक वर्षं गेली. २०२१ च्या शेवटी एम-२३ परत उभी राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा गोमा घेतलं. त्या लढाईत दक्षिण आफ्रिकेचे सैनिक मारले गेले. युनोचे तज्ज्ञ अहवालामागून अहवालात सांगतात की एम-२३ च्या पाठीशी रवांडाचं सैन्य आहे. रवांडा ते नाकारतो. आणि हाच रवांडा युनोच्या शांतिसेनेला सगळ्यात जास्त सैनिक देणाऱ्या देशांपैकी एक! एकीकडं शांतिसेनेत पलटणी पाठवायच्या, दुसरीकडं शेजाऱ्याच्या घरात बंडखोर पोसायचे. ब्रिगेडने बंडखोरांना हरवलं, पण पलीकडून येणारी रसद आणि आसरा तोडायची ताकद कुठल्याच ब्रिगेडकडं नव्हती. ते काम राजधान्यांमधलं होतं, आणि ते झालं नाही. आपल्या सीमेवर यापेक्षा वेगळं काय आहे?

सहाराच्या दक्षिणेला, साहेल पट्ट्यात, मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर आणि चाड या पाच देशांनी २०१७ मध्ये खास दहशतवादाविरुद्धच संयुक्त फौज काढली होती. पैसा बाहेरच्यांनी द्यायचा होता, तो वेळेवर आला नाही. पुढच्याच वर्षी तिच्या मालीतल्या मुख्यालयावरच हल्ला झाला. देशांत लष्करी उठाव झाले, २०२२ मध्ये माली बाहेर पडला, २०२३ मध्ये बुर्किना फासो आणि नायजर, आणि दुकान बंद. मालीतली युनोची मोहीमही त्याच वर्षी तिथल्या सरकारने जायला सांगितलं म्हणून गुंडाळली. दहा वर्षांत तीनशेहून जास्त शांतिसैनिक तिथं मेले.

आपल्या स्वतःच्या अनुभवाला लांब जायला नको. १९८७ मध्ये कोलंबोच्या सरकारशी करार करून आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तीन वर्षांत अकराशेहून जास्त जवान गेले आणि शेवटी तिथल्याच नव्या राष्ट्राध्यक्षांनी निघायला सांगितलं. त्यात तर दोनच देश होते.

आणखी मागं गेलं तर पहिल्या महायुद्धात, शाहू महाराजांच्या काळात, आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. एप्रिल १९१६ मध्ये घोडी कापून खायची वेळ आल्यावर शरणागती झाली. हुकूम दुसऱ्याचा, युद्ध दुसऱ्याचं. सैनिक टाकळीला किंवा गडहिंग्लज, चंदगडच्या गावांत जुन्या माणसांत बसलात तर या गोष्टी ऐकायला मिळतील. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडं एक डिव्हिजन मागितली तेव्हा वाजपेयी सरकारने नाही म्हटलं. फौज पाठवायची तर युनोच्या झेंड्याखाली, एवढंच आपण धरून बसलो. टाकळीच्या घरी शवपेटी आली तर जबाब संसदेत कुणीतरी द्यायचा असतो. जागतिक फौजेत तो जबाब देणारा माणूसच सापडत नाही.

बरं, समजा सगळे देश एकमताने आले, पैसाही आला. तरी दहशतवादाविरुद्धच्या लढाईत परकी सैनिक कितपत उपयोगी? काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना आमचा एक नाईक होता, आजऱ्याकडचा. गावातून गस्त जाताना त्याचं लक्ष कायम कांदूरच्या दुकानाकडं असायचं. कांदूर म्हणजे तिथला भटारी. सकाळी सगळं गाव त्याच्याकडून गिर्दा, म्हणजे रोटी, नेतं. एका म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरी रोज चारच्या जागी पंधरा रोट्या जायला लागल्या. पाहुणे आलेत म्हणावं तर अंगणात नवे कपडे वाळत नव्हते, बाहेर जास्तीच्या चपला नव्हत्या. त्याने दोन सकाळी बघितलं आणि तिसऱ्या सकाळी कंपनी कमांडरला सांगितलं. पुढचं सांगत नाही, पण ते घर आम्हाला उपग्रहाने दाखवलं नव्हतं.

हे कळायला त्याला त्या गावात एक अख्खा हिवाळा काढावा लागला. कोण कुणाचा मेहुणा, कुणाचं कुणाशी जमिनीवरून वाकडं, मौलवी कुणाकडं जेवतो, हे कळल्याशिवाय या लढाईत गोळी झाडायची नसते, कारण एक चुकीचं दार फोडलं की पुढच्या वर्षाची भरती अतिरेक्यांना फुकट मिळते. उरुग्वे किंवा फिजीचा चांगला सैनिक वर्षाच्या करारावर येऊन हे शिकेल कधी? आणि खरं सांगायचं तर या कामात अर्ध्याहून जास्त वाटा जम्मू-काश्मीर पोलिसांचा असतो, जे तिथलेच असतात.

मग एकत्र येऊन काही जमतच नाही का? जमतं. समुद्रावर बघा. २००८ पासून सोमाली चाच्यांनी एडनच्या आखातात जहाजं पळवायचा सपाटा लावला. कोकणातली कितीतरी पोरं मालवाहू जहाजांवर असतात, त्यांच्या घरच्यांना ते दिवस आठवत असतील. भारताने ऑक्टोबर २००८ मध्ये युद्धनौका पाठवली, ती गस्त आजही चालू आहे. चीनची नौका आली, रशियाची, जपानची आली, युरोपची आणि अमेरिकेची वेगवेगळी दलं आली, पाकिस्तानचीही जहाजं होती. सगळ्यांचा एक सेनापती नव्हता. ज्याचं जहाज त्याचा हुकूम. फक्त बहारीनला ठरावीक दिवसांनी सगळ्यांचे अधिकारी एका टेबलावर बसत आणि कुणाचं जहाज कधी कुठून कुठे जाणार हे एकमेकांना सांगत. २०१२ पासून भारत, चीन आणि जपान यांनी मालवाहू जहाजांच्या ताफ्यांची वेळापत्रकंसुद्धा जुळवली. भारत आणि चीन, विचार करा! चाचेगिरी दोन-तीन वर्षांत बसली.

हे का जमलं? चाचा कोण यावर वाद नव्हता, चाच्यांच्या मागं कुठला देश उभा नव्हता आणि पकडलेल्या चाच्यावर कुठलाही देश खटला चालवू शकतो, हा कायदा शेकडो वर्षांचा. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने रुएन नावाचं पळवलेलं जहाज सोडवलं. सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या, १७ खलाशी सुखरूप काढले आणि ३५ चाचे पकडून मुंबईत पोलिसांच्या ताब्यात दिले. जहाज माल्टाचं, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे, चाचे सोमाली, खटला मुंबईत. जागतिक फौजेशिवाय हे झालं.

इसिसविरुद्धची आघाडीही लोक उदाहरण म्हणून देतात. ऐंशीहून जास्त देश त्यात होते खरे, पण इराकने स्वतः बोलावलं होतं, आणि मोसुलच्या गल्ल्यांत उतरले ते इराकी आणि आसपास लढले ते कुर्द. बाकीच्यांनी विमानं, माहिती आणि प्रशिक्षण दिलं. त्याला मदत म्हणा, फौज म्हणू नका.

आता वाटून काय घ्यायचं त्याबद्दल. २६/११ ला दहा जण आले आणि १६६ माणसं मेली. त्या रात्री आपल्याकडं बंदुका कमी होत्या असं नाही. एनएसजी, म्हणजे केंद्राची कमांडो फौज, उशिरा पोचली, ती चूक आपली घरची होती आणि नंतर मुंबईतच तळ देऊन दुरुस्त केली. कमी होती ती माहिती. डेव्हिड हेडली अमेरिकेचा नागरिक, तिथल्या अमली पदार्थविरोधी खात्याचा एकेकाळचा खबऱ्या, २००६ पासून मुंबईत येऊन ताजची, स्टेशनची, किनाऱ्याची पाहणी करून जात होता. त्याच्या वागण्याबद्दल तक्रारी अमेरिकेतल्या यंत्रणांपर्यंत पोचलेल्या होत्या. त्या कागदातला एखादा वेळेत मुंबईला आला असता तर? त्याचा साथीदार तहव्वूर राणा २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला आणि भारतात आला एप्रिल २०२५ मध्ये. अमेरिकेसारखा मित्र, १९९७ चा प्रत्यार्पण करार, तरी एवढी वर्षं.

उलट जिथं देवाणघेवाण झाली तिथं काम झालं. कसाबच्या खटल्यात अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या माणसांनी अतिरेक्यांच्या जीपीएस यंत्रांबद्दल साक्षी दिल्या, हेडलीने २०१६ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगातून व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टात उज्ज्वल निकमांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. आणि एफएटीएफ बघा. दहशतवाद्यांच्या पैशावर नजर ठेवणारी, पॅरिसमध्ये बसणारी ही संस्था, तिच्याकडं एक शिपाईसुद्धा नाही. जून २०१८ मध्ये तिने पाकिस्तानला करड्या यादीत, म्हणजे नजरेखालच्या देशांत, घातलं, २७ कामांची यादी हातात दिली आणि २०२१ मध्ये आणखी सात वाढवली. कर्ज महाग व्हायला लागलं, परदेशी बँका प्रश्न विचारायला लागल्या. मग लष्कर-ए-तोयबाच्या म्होरक्यांचा नंबर लागला: फेब्रुवारी २०२० मध्ये हाफिज सईदला शिक्षा, २०२१ मध्ये लखवीला, आणि २०२२ मध्ये साजिद मीरला, जो मेला असं आपल्याला आधी सांगितलं जात होतं! यादीत नसते तर हे झालं असतं का? ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान यादीतून सुटला, ते जरा लवकरच सुटला असं माझं मत. पण चार वर्षांत हिशेबनिसांनी जे करवून घेतलं ते कुठल्याही जागतिक डिव्हिजनला जमलं नसतं.

इंटरपोलबद्दल एक गैरसमज सगळीकडं आहे, तो काढून टाका. इंटरपोलकडं कुणाला पकडायला पोलीस नाहीत, आणि रेड नोटीस म्हणजे वॉरंट नाही. ती सदस्य देशांना केलेली विनंती असते. मानायची की नाही, हे तो देश ठरवतो.

घरचंही बघितलं पाहिजे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं, आपल्याच रायगड जिल्ह्यात. रस्त्यात कस्टम होतं, पोलीस नाके होते. त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातल्या लोकांनाही शिक्षा झाल्या. २५७ माणसं मेली. तिथं जागतिक फौजेने काय केलं असतं?

भारताने पुढाकार घ्यावा का? घ्यावा, पण फौजेसाठी नव्हे. १९९६ चा मसुदा रेटत राहावा, तो उद्या मंजूर होईल या आशेवर बसू नये. त्यापेक्षा समविचारी देशांशी दोघा-तिघांत करार करावेत: स्फोटकांच्या नमुन्यांची माहिती रोजच्या रोज, हवालाच्या आणि क्रिप्टोच्या व्यवहारांची माहिती मागितल्यावर आठवड्यात, संयुक्त तपास पथकं. मानेसरला एनएसजीचं राष्ट्रीय बॉम्ब डेटा सेंटर आहे, मिझोराममधल्या वैरेंगटेच्या जंगल युद्धशाळेत परदेशी सैनिक शिकायला येतात. यांच्या जागा वाढवाव्यात. ज्या गरीब देशाला मदत हवी त्याचे सैनिक इथे शिकवून पाठवणं हे आपली बटालियन तिकडे पाठवण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ. आणि परदेशातून पुरावा मागवायची जी विनंतीपत्रं जातात, त्यांच्यासाठी दिल्लीत आणि राज्यांत तयारीची माणसं द्यावीत. समोरच्या देशाच्या कायद्यात बसेल असं पत्र लिहिणारा वकील मिळाला नाही, तर ती फाइल शंका काढून परत येते आणि दोन वर्षं जातात. १९९३ च्याच खटल्यातल्या अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालहून आणताना फाशी देणार नाही, पंचवीस वर्षांपेक्षा जास्त ठेवणार नाही, अशी हमी द्यावी लागली होती. देऊन टाकली, म्हणून तो इथल्या कोर्टापुढे उभा राहिला.

परीक्षेसाठी विचारलं असेल तर एक सल्ला: यावर लिहिण्याआधी सुरक्षा परिषदेचे ठराव १२६७ (मसूद अझहरचं नाव ज्या यादीत गेलं, तिचा मूळ ठराव) आणि १३७३ मुळातून वाचा. १३७३ तर तीन-चार पानांचा आहे. २८ सप्टेंबर २००१ चा, आणि तो प्रत्येक देशावर बंधनकारक आहे. दहशतवाद्यांचा पैसा रोखायचा, आसरा द्यायचा नाही, तपासात एकमेकांना मदत करायची, हे सगळं त्यात आहे.